मुलांच्या वेदनेचा हिशेब



या व्यासपीठावर आमच्यासारख्या माणसाने शस्त्रक्रिया आणि भूल या विषयावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटत असेल; आम्हालाही वाटते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते यंत्रमागाच्या कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. वैद्यकाचा आम्हाला गंध नाही. परंतु हिशेब हा आमचा रोजचा धंदा आहे. कोणाच्या नावावर काय लिहिले, काय लिहिले नाही, आणि जे लिहिले नाही त्याचे पुढे काय झाले, हे तपासण्यात आमची तीस वर्षे गेली. आजचा विषय आम्ही त्याच बाजूने मांडणार आहोत.

१९९७ सालची गोष्ट. आमचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला हर्निया झाला, ज्याला आपल्याकडे अंतर्गळ म्हणत, आणि एका रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे आरंभीच सांगून टाकतो. पुढे जे सांगायचे आहे ते कोणाच्या हातातील कसबाविषयी नाही. दिवेलागणीला भूल पुरती उतरली आणि पोर जे रडू लागले ते पहाटेपर्यंत. पाय पोटाशी घेतलेले, आईलाही अंगाला हात लावू देईना. चाळीस खाटांना एकच सिस्टर होती. ती बिचारी तीनदा आली, तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो दादा, ल्हान पोरं रडायचीच की. सकाळी विसरून जातील बघा." तिला आम्ही तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. चाळीस माणसांचे काम एकीवर टाकणारा कोणी वेगळाच असतो, हे आम्हाला न सांगता कळते.

सकाळी घरी सोडताना केसपेपर आमच्या हाती आला. हातात आलेला कागद वाचल्यावाचून खाली ठेवायचा नाही ही आमची सवय. ताप किती, नाडी किती, लघवी कधी झाली, पाणी कधी पाजले, सारे रकाने नीट भरलेले होते. रात्रीविषयी शेरा होता: तब्येत ठीक. तो खोटाही नव्हता. ताप नव्हता, रक्तस्राव नव्हता. पोराच्या रडण्याला मात्र त्या कागदावर जागाच नव्हती. आमच्या धंद्यात हे आम्ही नित्य पाहतो. बारा तास मागावर उभा राहणारा माणूस मस्टरवर नसेल, तर त्याला बोनस नाही, फंड नाही, आणि हात यंत्रात गेला तर भरपाईही नाही. कारण कागदाच्या हिशेबाने तो तिथे उभाच नव्हता.

तेव्हापासून आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. आमची समजूत अशी होती की, मुलांची वेदना थांबवण्याचे साधनच पूर्वी नसावे, ते अलीकडे निघाले असावे. वाचता वाचता ही समजूत मोडली. साधन शंभर वर्षांपूर्वीच हाती आलेले होते. मुलांच्या वेदनेची नोंद तेवढी कोणी ठेवीत नव्हते, आणि नोंद नसल्यामुळे ते साधन पुष्कळ काळ कपाटात पडून राहिले. आज सांगायची गोष्ट एवढीच आहे. बाकीचा सारा तिचा पुरावा.

भुलेचा इतिहास सामान्यतः १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसापासून सांगतात. त्या दिवशी अमेरिकेतील बोस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरच्या वाफेने रोग्याला गुंगी आणली आणि वॉरन या शस्त्रवैद्याने त्याच्या मानेवरील गाठ काढली. पण त्याआधी चार वर्षे, १८४२ साली, जॉर्जिया प्रांतात क्रॉफर्ड लाँग या खेड्यातल्या डॉक्टरने ईथर वापरले होते. त्याने ही हकीगत १८४९ साली छापली. तिच्यात त्याची तिसरी शस्त्रक्रिया एका गुलाम मुलाच्या पायाच्या बोटाची आहे. त्या मुलाची मालकीण कोण हेही तिथे लिहिलेले आहे. पुढे त्याच लेखात आणखी एक नोंद येते. एका कृष्णवर्णी मुलाची हाताची दोन बोटे कापायची होती. लाँगने एक बोट ईथर देऊन कापले आणि दुसरे न देता. एका वेळी मुलाला काही कळले नाही, दुसऱ्या वेळी त्याने यातना भोगल्या. यावरून ईथरचा गुण सिद्ध झाला, असे डॉक्टरने नमूद केले आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, ही नोंद वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. वेदना थांबवणाऱ्या विद्येच्या पहिल्याच पानांवर एक मूल आहे, आणि त्याची वेदना दुसऱ्याच्या पुराव्यासाठी खर्ची पडली आहे. लाँग हा काही दुष्ट माणूस नव्हता. पण त्या मुलाला 'नको' म्हणण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला काय येते, हे आपणही आपल्या गावात पाहिलेले आहे.

आता ईथर, क्लोरोफॉर्म या औषधांनी सारा मेंदूच झोपी जातो. जाग आली की वेदना हजर. मेंदूला जागा ठेवून दुखण्याची तेवढीच वाट अडवता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर कोकाच्या पानांतून निघाले. दक्षिण अमेरिकेतील डोंगरी लोक ही पाने पिढ्यान्‌पिढ्या चघळत आले आहेत. १८६० साली गटिंगेन येथे नीमान या जर्मन रसायनज्ञाने त्यांतील सत्त्व, म्हणजे कोकेन, वेगळे काढले. १८८४ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरला आढळले की, त्याचा थेंब डोळ्यात टाकला असता डोळा बधिर होतो आणि रोगी जागा असतानाच डोळ्याची शस्त्रक्रिया करता येते. हा शोध १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांच्या परिषदेत मांडला गेला. तो कोलरने मांडला नाही. त्याच्यापाशी गाडीभाड्याला पैसे नव्हते. म्हणून ब्रेटाउअर या दुसऱ्या डॉक्टरने त्याचा निबंध वाचून दाखवला. या तपशिलावर आमचा विशेष लोभ आहे, हे आपण समजून घ्याल.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेड आणि त्याचे सहकारी यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी औषध जखमेत न घालता जखमेकडून येणाऱ्या मज्जातंतूच्या शेजारी सुईने सोडले. यालाच डॉक्टर लोक 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात. आपण नुसते ब्लॉक म्हणू. शरीरात मज्जातंतूंचे जाळे तारायंत्राच्या तारांसारखे पसरलेले आहे. बोटाला चटका बसला की बातमी तारेने पाठीच्या कण्यात जाते आणि तिथून मेंदूत. मधल्या एखाद्या स्टेशनावर तार काही तास बंद ठेवली, तर बोटावर काय चालले आहे हे मेंदूला कळत नाही. औषध ओसरले की तार पूर्ववत चालू होते. हे प्रयोग हॉलस्टेडने स्वतःच्या अंगावर केले आणि त्यापायी कोकेनचे व्यसन स्वतःला लावून घेतले. पुढे १९०५ च्या सुमारास आइनहॉर्नने शोधलेले नोव्होकेन वापरात आले, १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केले, आणि १९५७ साली बुपिव्हाकेन निघाले. यांना ते व्यसन नाही. बुपिव्हाकेनचा अंमल कित्येक तास टिकतो.

मुलांना हे केव्हा मिळाले? आपण म्हणाल पुष्कळ उशिरा. तसे नाही. १६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीत कील येथे ऑगस्ट बीअर या शस्त्रवैद्याने एका ३४ वर्षांच्या मजुराच्या पाठीच्या कण्यात कोकेन सोडून कमरेखालचा भाग बधिर केला. त्याच्या पहिल्या मोजक्या रुग्णांत ११ वर्षांचा एक मुलगाही होता. बीअरने आणि त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट याने हा प्रयोग एकमेकांवरही केला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली तरी त्याला दुखले नाही. मग दोघांनी यथेच्छ जेवण केले, मद्य घेतले, चिरूट ओढले. आणि नंतर बीअर कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरुणाला खिळला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात टायरल ग्रे याने लहान मुलांना, तान्ह्या बाळांनासुद्धा, कण्यातून अशी भूल दिली आणि आपला अनुभव १९०९ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात छापला. १९३३ साली न्यूयॉर्कच्या मेरेडिथ कॅम्पबेल याने माकडहाडाजवळून द्यावयाच्या ब्लॉकचा मुलांवरील अनुभव लिहिला. म्हणजे आमच्या मुलाच्या त्या रात्रीच्या आधी ६४ वर्षे हे छापून झालेले होते.

मग ते मागे का पडले? एक कारण चांगले आहे. झोपेची भूल सुधारली. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे ग्रिफिथ याने क्युरारे हे स्नायू ढिले करणारे औषध शस्त्रक्रियेत वापरले; १९५६ पासून हॅलोथेन आले. मूल शांत झोपते, हालत नाही, शस्त्रवैद्याचे काम सोपे होते. मग सुईचा खटाटोप कशाला, असे झाले. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. क्युरारेच्या जातीचे औषध स्नायू लुळे करते, वेदना थांबवीत नाही. ते घेतलेला माणूस रडू शकत नाही, एवढेच. आणि झोपेची भूल शस्त्रक्रियेपुरती. त्यानंतरच्या रात्रीचे काय?

दुसरे कारण वाईट आहे. विद्वानांनी अशी समजूत करून घेतली की, तान्ह्या मुलाला वेदना नीटशी होतच नाही. १९४१ साली अमेरिकेत मर्टल मॅक्ग्रॉ या बाईंनी बाळांना टाचणी टोचून त्यांची हालचाल टिपली. अगदी नवजात बाळांची प्रतिक्रिया अंधुक आणि विस्कळीत आहे, असे त्यांना दिसले. त्याच्या जोडीला शरीरशास्त्राचा दाखला आला: मज्जातंतूंवर जे वेष्टन असते ते बाळात अपुरे असते, सबब तार अजून जोडलेलीच नाही. मोठ्या मुलांविषयी निराळा युक्तिवाद होता. १९६८ साली अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी लिहिले की, शस्त्रक्रियेनंतर मुलांना वेदनेच्या औषधाची गरज क्वचितच पडते, ती त्रास चांगला सोसतात. आणि सर्वांवर कडी म्हणजे, 'सकाळी विसरून जातील.' आमच्या सिस्टरने जे सांगितले ते तिच्या पदरचे नव्हते. मोठमोठ्या ग्रंथांतून झिरपत ते तिच्यापर्यंत आले होते. कामगार काटक असतो, त्याला उन्हाचे काही वाटत नाही, असे सावलीत बसून सांगणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

ही समजूत वादविवादाने मोडली नाही. ती मोजणीने मोडली, आणि पहिली मोठी मोजणी एका परिचारिकेने केली. जोअ‍ॅन ईलंड हे त्यांचे नाव. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४ ते ८ वर्षांची २५ मुले होती, सर्वांची शस्त्रक्रिया झालेली. त्यांपैकी १३ मुलांना वेदनेचे औषध एकदाही मिळाले नव्हते. २५ जणांना मिळून औषधाचे डोस मिळाले २४. मग त्यांनी त्याच दुखण्यांचे १८ मोठे रुग्ण घेतले. त्यांना मिळालेले डोस असे: अफूच्या जातीच्या औषधाचे ३७२ आणि इतर औषधांचे २९९, एकूण ६७१. अठरा प्रौढांना ६७१, पंचवीस मुलांना २४! हा आकडा आम्ही युनियनच्या कचेरीतल्या फळ्यावर लिहून ठेवला होता. पगाराच्या वाटाघाटीत असा तक्ता समोर ठेवला की मालकही क्षणभर गप्प बसतो. ईलंडबाईंनी कोणावर आरोप केला नाही; जो हिशेब रुग्णालयाच्या कागदांतच पडलेला होता, तो बेरीज करून दाखवला.

तरीही तान्ह्या बाळांचा प्रश्न राहिलाच होता. १९८५ साली अमेरिकेत दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बंद करण्याची शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी बाळ गेले. पुढे आईने कागद मागवून पाहिले, तेव्हा तिला कळले की, छाती उघडताना बाळाला फक्त स्नायू लुळे करणारे औषध दिलेले होते. वेदना थांबवणारे काहीही नव्हते. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, एवढ्या लहान बाळांना वेदना होते हे सिद्ध झालेले नाही. त्या बाईने पत्रांमागून पत्रे लिहिली आणि १९८६ साली ही हकीगत वर्तमानपत्रांत आली. अनेक आईबापांना तेव्हा प्रथमच समजले की, ही एका ठिकाणची चूक नसून पुष्कळ ठिकाणची रीत आहे.

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये एक तरुण डॉक्टर याच प्रश्नाच्या मागे लागला होता. कंवलजीत सिंग आनंद हे त्यांचे नाव. आपल्या होळकरांच्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते शिष्यवृत्तीवर तिकडे गेले होते. शस्त्रक्रियेहून परत येणारी बाळे इतकी खालावलेली का असतात, हा त्यांचा प्रश्न. बाळ बोलू शकत नाही; पण त्याचे रक्त बोलते. शरीरावर मोठा आघात झाला की काही द्रव्ये रक्तात उसळतात. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजली. नेहमीच्या हलक्या भुलेबरोबर काही बाळांना फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक दिले, काहींना त्या काळच्या रीतीप्रमाणे दिले नाही. ज्यांना दिले नाही त्यांच्या रक्तात ती द्रव्ये फार उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक झाली. हा निबंध १९८७ च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये आला. त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांनी दाखवून दिले की, वेष्टनाचा युक्तिवादही पोकळ आहे. कारण मोठ्या माणसातही वेदनेची पुष्कळशी बातमी बिनवेष्टनाच्या बारीक तंतूंतूनच जाते. १९८७ सालीच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जाहीर केले की, नवजात बाळालाही भूल आणि वेदनाशमन मिळाले पाहिजे.

या अभ्यासातही काही बाळांना ते औषध मिळाले नाही, हे आमच्या मनाला लागते. लाँगच्या त्या मुलाची आठवण होते. फरक इतकाच, पण मोठा: ज्यांना औषध मिळाले नाही त्यांना त्या काळी इतरत्रही ते मिळत नसे, आणि या मोजणीनंतर ते सर्वांना मिळू लागले.

'विसरून जातील' याही युक्तिवादाची पुढे तपासणी झाली. कॅनडात ॲना टॅडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली, म्हणजे आमच्या मुलाच्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी, असे प्रसिद्ध केले की, जन्मल्यावर बधिर न करता सुंता झालेली मुले चारसहा महिन्यांनी लस टोचताना इतर मुलांपेक्षा अधिक रडतात. बधिर करणारे मलम लावले असेल तर हा परिणाम कमी दिसतो. मन विसरले तरी शरीराने कुठेतरी टाचण करून ठेवलेले असते.

आता ब्लॉककडे परत येऊ. मुलांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा विचार सुरू होताच जुने साधन कपाटातून बाहेर निघाले. १९७४ साली के नावाच्या डॉक्टरने माकडहाडाजवळच्या ब्लॉकचा उपयोग मुद्दाम शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी करून दाखवला. इंग्लंडच्या आर्मिटेज याने १९७९ साली बाळाच्या वजनावरून औषध किती द्यायचे याचे सोपे गणित बसवले. १९८० साली टोरंटोच्या शँडलिंग आणि स्ट्यूअर्ड यांनी, त्याच दिवशी घरी जाणाऱ्या मुलांना जांघेतील नसांपाशी औषध देऊन घरी दुखण्यावाचून कसे पाठवता येते, ते लिहिले.

हे करतात कसे? मुलाला प्रथम झोपेची भूल देतात, कारण जाग्या मुलाला सुईपुढे स्थिर ठेवणे म्हणजे दुसरी यातना. मग त्याला कुशीवर वळवून, माकडहाडाच्या किंचित वर जी हाडाची फट असते तिच्यातून बारीक सुई घालून, वजनाप्रमाणे मोजलेले औषध सोडतात. बेंबीखालचा भाग काही तास बधिर होतो. हर्निया, न उतरलेले अंड, वाकडे पाऊल, अशा शस्त्रक्रियांना ते पुरते. हातासाठी काखेजवळ किंवा गळ्याच्या हाडापाशी, मांडीसाठी जांघेजवळ असे निरनिराळे ब्लॉक आहेत. भुलेचे औषध यामुळे कमी लागते आणि मूल शांत जागे होते.

यात एक गंमत आहे. लहान मुलाच्या मज्जातंतूंचे वेष्टन पातळ असते, म्हणून बधिर करणारे पातळ औषधही त्याला पुरते. ज्या गोष्टीचा दाखला देऊन बाळाला औषध नाकारले, तिच्यामुळेच ते औषध बाळाला लवकर लागू पडते! मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तान्ह्या बाळाचे यकृत कच्चे असल्यामुळे औषध शरीरात साठते. मात्रा चुकली किंवा औषध रक्तवाहिनीत गेले तर झटके येतात, हृदय थांबू शकते. म्हणून हे काम शिकलेल्या हातांचे आणि सगळी तयारी असलेल्या जागेचे आहे. मग भिण्यासारखे किती? येथेही मोजणी झाली. १९९३-९४ च्या वर्षात फ्रेंच भाषिक बालभूलतज्ज्ञांनी २४,४०९ ब्लॉकची नोंद ठेवली. त्यांत २३ मुलांना काही त्रास झाला, तो सारा कण्याजवळच्या ब्लॉकमध्ये. हातापायांच्या नसांजवळच्या ब्लॉकमध्ये एकही नाही. आणि कायमचे नुकसान कोणाचेच नाही. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून अशीच नोंदवही ठेवली. २०१८ साली १,००,००० हून अधिक ब्लॉकचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यातही मज्जातंतूची कायमची इजा एकही नव्हती. कोलरच्या व्हिएन्नात १९९४ साली काप्राल आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून औषध नसेजवळ सोडण्याची रीत दाखवली; पुढे त्याच शहरात २००५ साली मुलांवरील अभ्यासात दिसले की, नस डोळ्यांनी दिसत असली म्हणजे औषध पुष्कळ कमी पुरते.

आपल्या देशात ब्लॉकला आणखी एक महत्त्व आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन कित्येक रुग्णालयांपर्यंत पोचेनासे झाले. २०१४ साली कायदा सुधारला, तरी लहान गावात ते सहज मिळेल असे नाही. ब्लॉकचे औषध त्या कायद्यात येत नाही, आणि ते महागही नाही. महाग आहे तो शिकलेला भूलतज्ज्ञ, त्याला मिळायला हवा तो वेळ, आणि रात्री मुलांकडे पाहणाऱ्या सिस्टरांची पुरेशी संख्या. म्हणजे प्रश्न पुन्हा आमच्या ओळखीचा झाला.

मग आईबापांनी काय करावे? आम्ही तीन मागण्या सुचवतो. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे आणि नम्रपणे विचारावे की, नंतरच्या दुखण्यासाठी काय योजना आहे, ब्लॉक देता येईल काय, येत नसेल तर का. दुसरे, मुलाला किती दुखते याची नोंद तापाच्या शेजारी व्हावी असा आग्रह धरावा. अमेरिकेत टल्सा येथे वाँग आणि बेकर या दोन बायकांनी १९८० नंतर मुलांच्याच मदतीने हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी केली आहे. तीन वर्षांचे पोरही तिच्यावर बोट ठेवते. तिसरे, ब्लॉक कायमचा नसतो. त्याचा अंमल ओसरण्याआधीच तोंडाने घ्यायचे औषध द्यायला हवे, ते किती वाजता, हे कागदावर लिहून घ्यावे.

हे आम्ही नुसते वाचून सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या नातवाला तेच दुखणे निघाले, हर्निया. आता बाप आमचा मुलगा. रुग्णालय दुसरे होते. भूलतज्ज्ञ बाईंनी स्वतः बोलावून कागदावर चित्र काढून ब्लॉक समजावला. दुपारी पोर शुद्धीवर आले, इकडेतिकडे पाहिले, आणि आपले पाय जड का झाले म्हणून विचारू लागले. संध्याकाळी त्याने पेज खाल्ली. रात्री नवाच्या सुमारास मात्र ते कण्हू लागले. औषधाची वेळ आठची होती आणि गडबडीत ती टळली होती. सिस्टर आली, तिने चेहऱ्यांची पट्टी पुढे धरली. त्याने चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. तिने औषध पाजले, आणि कागदावर वेळ आणि आकडा लिहिला. अर्ध्या तासात पोर झोपले.

आम्ही मुलाला म्हणालो, "तुझ्या वेळी असा रकाना नव्हता." तो म्हणाला, "बाबा, मला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही." खरे असेल. सिस्टर म्हणाली होती तसे तो विसरला. पण त्याचा हात मघापासून त्या पोराच्या पोटाजवळ होता आणि ते झोपल्यावरही त्याने तो काढला नाही.